बघणारे अकरा

वडवणीजवळच्या भामाबाईंच्या शेडमध्ये पन्नास अंडीपुंजांचे, म्हणजे अंदाजे वीस हजार रेशीमकिडे होते. शिवाय एक कॅमेरा, एक दिवा, तापमान मोजणारा एक सेन्सर आणि एक कूलर. बघणारे अकरा, सगळे भामाबाईंच्या नात्यातले. त्यांना मोबाइलवर किडे थेट दिसत. ही जोडणी केली होती भामाबाईंच्या भाचीने. वैष्णवी नुकतीच कॉम्प्युटर सायन्समध्ये बी.एस्सी. झाली होती.

भामाबाईंचं हे पहिलंच पीक. दीर विलासराव यांनी आधीच बजावलं होतं, "वैनी, पस्तीस किलो कोष भरले तर तुती ऱ्हाईल. न्हाईतर त्या एकरात पुन्हा ऊस."

कुणी बघायला आलं की वैष्णवीच्या प्रोग्रॅममधला आकडा एकाने वाढे आणि दिवा, कॅमेरा, सेन्सर सुरू होत. कुणी गेलं की काय करायचं, हे मात्र लिहायचं राहून गेलं. त्यामुळे मंडळी मोबाइल खिशात टाकून जेवायला बसली, तरी प्रोग्रॅमच्या लेखी अकराही जण शेडमध्येच उभे. दिवा दिवसरात्र जळू लागला. किडे उजेड टाळत रॅकच्या कडेला गोळा झाले आणि मधला पाला तसाच सुकला.

वैष्णवीने मग 'जातो' असं एक बटण दिलं: दाबलं की आकडा एकाने उतरणार, आणि शून्य झाला की सगळं बंद. ते कुणी दाबेना.

"मावशी, बघून झालं की दाब म्हणलं होतं ना!"

"लेकरावानी किडे हायेत. त्यांच्यापुढं 'जातो' म्हणू व्हय? शिकली लई, पण रीत न्हाई तुला. येतो म्हणावं."

वैष्णवीने बटणावर 'येतो' लिहिलं. पाहता पाहता आकडा उतरला: अकरा, सात, तीन, एक. तो एक म्हणजे विलासराव. सिरसाळ्यात आडतीवर बसून ते सकाळपासून किडे बघत होते. वैष्णवीने फोन लावला.

"काका, तुमच्या एकट्यापायी दिवा जळतोय. येतो दाबा की."

"कावून गं? मी काय किडे खायलो का?"

"उजेडानं ते पाला खात न्हाईत."

"मंग आधी न्हाई सांगायचं? हे घे. येतो बरं का, पोरांनो!"

आकडा शून्य झाला. दिवा विझला, कॅमेरा मिटला, सेन्सर थांबला. अगदी लिहिलं होतं तसं. वैष्णवी समाधानाने मावशीबरोबर तुतीचा पाला कापायला गेली.

आता, तापमान अठ्ठावीस अंशांच्या वर गेल्याचं सेन्सरने कळवलं, की कूलर सुरू होई. म्हणजे सेन्सरचं ऐकणारा तोही एक होता. पण त्याच्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून तो मोजणीत आलाच नाही. सेन्सर गप्प झाला आणि कूलर उन्हाळ्याच्या भर दुपारी निरोपाची वाट बघत राहिला. एखाद्याने जरी मध्येच डोकावून पाहिलं असतं, तरी सेन्सर जागा झाला असता. पण आता सगळ्यांना शिस्त लागली होती.

चार तासांनी दोघी परतल्या तेव्हा शेडमध्ये एकोणचाळीस अंश होते. भामाबाईंनी वरच्या कप्प्यातला पाला हळूच उचलला.

"वैशू, हे झोपलेत का गं?"

वैष्णवीने बंद कूलरकडे पाहिलं. "मावशी, चूक माझी हाय."

"तुजी कशी? सगळ्यांनी निरोप तर नीट घेतलता."

दोन आठवड्यांनी उरलेल्या किड्यांचे कोष निघाले. विलासराव सकाळपासूनच येऊन काट्यापाशी उभे होते. शेवटचं 'येतो' कोणाचं होतं, हे त्यांना कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पोतं काट्यावर ठेवायच्या आधीच ते म्हणाले, "वैनी, पंधरा किलो भरले की झालं. तुती ऱ्हाईल."

"पस्तीस म्हणलते तुमी, भाऊजी."

"पंधरा! मी काय म्हणलतो ते मला ठावं न्हाई का?"

भामाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि पोतं ठेवलं. वैष्णवीने वाकून आकडा वाचला.

चौदा किलो सहाशे ग्रॅम.