दगडूभाईचा जटावाला

आमच्या गल्लीत शनिवारी दिवेलागणीला एक माणूस ओरडायला लागतो.

"धरला! कंबरंला धरला! उचलला... आर्रर्र, आपटला! उठ की मर्दा, उठ!"

गल्लीत नवा भाडेकरू आला असला तर तो हातात सापडेल ते घेऊन बाहेर पळतो. त्याला वाटतं मुडदा पडला. मग कुणीतरी त्याला चहा पाजतं आणि सांगतं, "काही नाही हो. दगडूभाई टीव्हीवर कुस्ती बघतोय."

खरी गंमत पुढं आहे. टीव्हीचा आवाज बंद असतो. टीव्ही मुका आणि बघणारा बोंबलतो, असं घर साऱ्या सोनई गावात हे एकच. मी एकदा विचारलं, "आवाज का बंद ठेवतोस?" तर म्हणाला, "त्यो मागनं बोलनारा इंग्रजी हाय. त्याला कुस्तीतलं काय कळतंय?"

दगडूभाई पिंजारी म्हणजे पेठेतला गाद्या भरणारा. हातात दाभण, कानावर दोऱ्याचं रीळ, भुवयांत कापूस. गावातल्या निम्म्या लग्नांच्या गाद्या त्यानं भरल्या आहेत. आणि त्याचं वेड म्हणजे कुस्ती. आपली मातीतली नव्हे. ती टीव्हीवरची परदेशी, जिच्यात दोन उघडे राक्षस दोऱ्यांच्या चौकटीत एकमेकाला खुर्च्यांनी मारतात, ती. गावात केबल आली तेव्हापासून त्यानं एक शनिवार चुकवलेला नाही.

आता मी कोण, तेही सांगतो. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. पण यात्रेत हगामा भरतो, म्हणजे कुस्त्यांचा फड, त्यात पंचाचा पहिला फेटा मला बांधतात. दुसऱ्याला आधी बांधला तर मी मैदानात उतरत नाही, ही गोष्ट वेगळी. एकदा कुस्ती चालू असताना दोन्ही पैलवान माझ्या अंगावर पडले. बरगडी गेली. मी आधी निकाल दिला आणि मग कळवळलो. असल्या माणसानं त्या चौकटीतल्या तमाशाला कुस्ती म्हणायचं? माझ्याच्यानं झालं नाही. म्हणून त्याचा माझा वाद. त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून, उडणारा कापूस खात, मी जन्मभर हा वाद घातला.

"खोटी कुस्ती ती," मी म्हणायचो. "नुरा. आधी ठरवून खेळत्यात."

"खोटी कशी, तात्या? पाठ मोडती त्याची."

"मोडती तर पुढच्या शनवारी उठतो कसा?"

"तुमी जल्मभर उसाच्या मोळ्या उचलल्या. तुमची पाठ मोडली न्हाई? मंग रोज सकाळी उठता कसं?"

मी थुंकायला उठायचो.

तसा आंधळा भक्त मात्र तो नव्हे. आताच्या पैलवानांवर तो माझ्यापेक्षा जास्त चिडलेला. "पहिले पैलवान कापसाचे हुते, तात्या," तो दाभण ओवत सांगायचा. "हाताला वजन लागायचं. आताचे सगळे फोमचे. दाबला का बसला, सोडला का वर. छातीवर केस न्हाई, पोटाला पोट न्हाई. पोट न्हाई त्यो मानूस कुनावर पडनार? पडला तरी लागनार का?"

दुसरा राग भाषणांचा. "निम्मा वेळ माइक धरून उभा. तुला असा मारीन, तसा मारीन. आरं, मारायचंय तर सांगतो कशाला? आपन बांधावर चुलतभावाला मारायचं तर आधी दवंडी देतो का?"

तिसरा राग सगळ्यात मोठा. "पहिल्यांदा वाईट मानूस मरंस्तोवर वाईट असायचा. इमान हुतं. आता? आज ह्याच्या गळ्यात पडतो, उद्या त्याच्या. परवा माघारी ह्याच्याच. आमदारकी हाय का कुस्ती?"

इथं मला विरोध करता येईना, म्हणून मी विषय बदलून साखर कारखान्याच्या निवडणुकीवर आणायचो. विषय बदललाच नाही, हे जरा उशिरा लक्षात यायचं.

परदेशी नावं त्याच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यानं सगळ्यांचं बारसं स्वतःच उरकलंय. एक जाडा होता, तो कणगी. एक सारखा पक्ष बदलायचा, तो सरपंच. आणि सगळ्यांच्या वर जटावाला. कमरेपर्यंत केस, तांबडी चड्डी, रागावला की मान झटकायचा. जटावाल्याचं नाव काढताना दगडूभाई दाभण खाली ठेवायचा. तो पैलवान खेळायचा बंद होऊनही आता तीन-चार वर्षं झाली. "त्याच्यामागं चौकट रांडमुंड झाली, तात्या," असं एकदा म्हणाला.

एकदा जटावाल्याचा डाव मला दाखवायला त्यानं निम्मी भरलेली गादी उभी धरली, तिच्या कमरेला मिठी मारली आणि दाणकन जमिनीवर घातली. वर झोपला आणि तळहातानं जमीन बडवायला लागला, "येक! दोन!" तेवढ्यात कोल्हारचा एक पाव्हणा दारात. पोरीच्या लग्नाची गादी न्यायला आलेला. बघतो तर पिंजारी त्याच्या गादीच्या उरावर.

"काय चाललंय हे?" पाव्हणा म्हणाला.

दगडूभाई न उठता म्हणाला, "गादीचा दम बघतोय."

पाव्हणा खूश. जाताना दोन उशा जास्तीच्या सांगून गेला.

एक अट मात्र त्यानं मला घातलेली होती. "दुकानात काय म्हनायचं ते म्हना. पन माझ्या घरात येऊन 'खोटी' हा शब्द काढायचा न्हाई." मी मनात म्हणालो, घाबरला. घरात बायकोसमोर हरायची लाज वाटते गड्याला.

मग परवा काय झालं, माझ्या पुतण्यानं मला मोबाईलवर एक चित्र दाखवलं. हलणारं. त्यात टीव्हीवरचे ते दोघं पैलवान, ज्यांनी आदल्याच शनिवारी एकमेकाची डोकी खुर्चीनं फोडली होती, हॉटेलात शेजारी शेजारी बसून जेवत होते. एक दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खात होता. हसत होता.

मी पुतण्याला म्हणालो, "हे माझ्या मोबाईलात घालून दे."

शनिवारी मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी झटकली आणि दिवेलागणीला निघालो. इतक्या वर्षांची लोंबकळलेली कुस्ती आज निकाली करायची. अट त्याची होती, मी काही ती मान्य केलेली नव्हती.

दार उघडंच होतं. आतून आरोळी चाललेली, "जटावाल्यानं मान धरली! कनगी खाली! कनगी खाली!"

मी उंबऱ्यातच थांबलो. टीव्हीवर एक सफाचट डोक्याचा पोरगा कोट घालून उभा होता आणि माइकवर भाषण करत होता. समोर कुणी नव्हतं. कुस्ती नव्हती. जटा तर औषधालाही नव्हती. आणि दगडूभाई टीव्हीसमोर उभा राहून, दोन्ही हात हवेत फेकून सांगत होता, "उचलला! डोक्यावर घेतला!"

मला आधी वाटलं, याचीही नजर गेली.

याचीही म्हणतो, कारण भाभीची, म्हणजे त्याच्या बायकोची, गेलेली होती. शुगरनं. त्याला सात-आठ वर्षं झाली, गल्लीला सगळं माहीत. माझी सून तिला डबा द्यायला जाते, ती सांगायची की भाभी आठवडाभर भिंतीकडं तोंड करून पडलेली असते, हाक मारली तरी हूं म्हणत नाही. म्हणून मला वाटलं होतं, शनिवारचा दंगा दगडूभाईच्या एकट्याच्या हौसेचा.

आणि इथं भाभी खाटेवर ताठ बसलेली. वेणी घातलेली, इस्तरीचं लुगडं, पदर डोक्यावर. दोन्ही मुठी आवळलेल्या. तोंड टीव्हीकडं नव्हतं, दगडूभाईच्या आवाजाकडं होतं.

दगडूभाईनं मान वळवली आणि मला बघितलं. मग माझ्या हातातला मोबाईल बघितला. वर उचललेले हात तसेच राहिले.

"का थांबला?" भाभी म्हणाली. "कोन आलंय?"

"तात्या आलेत," तो म्हणाला.

"या, तात्या. बसा. लई बरं झालं. ह्यांचा आन माझा वाद हाय, तुमी मिटवा." तिनं खाट थोपटून जागा दाखवली. "माझा बाप कोल्हारला वस्ताद. घराला लागून तालीम. पन पोरीनं तालमीत पाय ठेवायचा न्हाई. मी भिंतीला कान लावून आयकायची. कोन पडला, कसा पडला, धप आवाजावरनं सांगायची. पन कुस्ती डोळ्यानं कधी बघितली न्हाई. बघितली ती ह्या डब्यात. पहिल्या दिवशी जटावाला बघितला तर तव्यावरची भाकर करपली."

म्हणजे एवढी वर्षं गल्लीनं चुकीच्या माणसाला वेडा ठरवला होता.

"आता मला दिसत न्हाई," भाभी पुढं म्हणाली. "हे सांगत्यात, मी आयकते. पन तात्या, ह्यांचा जटावाला दर शनवारी जिकतो. माझा बाप एवढा वस्ताद, त्यो सुदा हरून यायचा आन हळद लावून घ्यायचा. मला वाटतंय हे मला बनवत्यात. जटावाला कवाच संपला असंल. तसं असंल तर सांगा. उगं कशाला दर शनवारी उठून बसायचं, केस इंचरायचे?" तिनं हात पुढं केला आणि माझं मनगट चाचपून धरलं. "तुमी पंच. तुमी कधी खोटा निकाल दिला न्हाई म्हनत्यात. टीव्हीवर आता कोन हाय?"

टीव्हीवर तो टकल्या अजून मुकं भाषण करत होता. दगडूभाई टीव्हीच्या कडेला सरकून उभा होता. त्यानं मला काही खुणावलं नाही.

मी मोबाईल खिशात घातला.

"जटावाला हाय," मी म्हणालो.

"आन समोर?"

"कनगी."

"मंग तुमी सांगा. ह्यांना बसू द्या."

आली का पंचाईत. मला त्या चौकटीतला एकही डाव माहीत नाही. पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. मी घसा खाकरला आणि मला येत होती ती कुस्ती लावून दिली. "जटावाल्यानं सलामी घेतली. येकेरी पट काढला. कनगीनं हात टेकून सोडवून घेतलं. आता कनगी ढाकेवर आलाय..."

"माती हाय का तिथं?" भाभीनं विचारलं.

"न्हाई, पन असायला पायजे हुती," मी म्हणालो. हे तरी खरं होतं.

दगडूभाई माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "तात्या, दोरीवरनं उडी पन मारतो त्यो."

"दोरीवरनं उडी मारली!" मी ओरडलो. शेजारच्या घरातून कुणीतरी "आता तात्या पन?" असं म्हणालेलं मला ऐकू आलं. मी लक्ष दिलं नाही. उडी मारून झाल्यावर माणूस खाली कुठं पडतो ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्याला कणगीच्या अंगावर पाडला आणि दोघांना लोळवत ठेवलं.

भाभी पुढं वाकली. "पाठ टेकली का? कुनाची टेकली?"

आता निकाल. जटावाला जिंकला म्हणावं तर भाभी विश्वास ठेवणार नाही. हरला म्हणावं तर दगडूभाई तिथंच बसकण मारील. मैदानात लोक "सोडवा, सोडवा" म्हणून ओरडतात तेव्हासुद्धा मी पैलवानांना अंधार पडेपर्यंत झुंजवतो, कारण बरोबरीचा निकाल मला नामर्दपणाचा वाटतो.

"बरोबरीत सोडवली," मी म्हणालो.

भाभीनं माझं मनगट सोडलं. मुठी उघडल्या. "मंग खरी हाय," ती म्हणाली. "हे सांगत्यात तवा कधी बरोबरीत सुटतच न्हाई. म्हंजी खरंच खेळतोय त्यो अजून."

मला वाटलं दगडूभाई आता माझे हात धरणार. पण गडी लालबुंद झालेला. "बरोबरीत? तात्या, डोळं हायत का? जटावाला वर हुता! कनगीचं दोन्ही खांदं टेकलं हुतं!"

"माझा निकाल मी बदलत न्हाई."

"पैसे खाल्लं का काय कनगीकडनं?"

"दगडू, पंचाशी नीट बोल!"

भाभी हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसत राहिली. एवढं हसणं त्या घरातून माझ्या सुनेनं ऐकलं असतं तर डबा टाकून पळत आली असती.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "आता वय झालं असंल जटावाल्याचं. दमत असंल न्हाई?"

हा प्रश्न मला नव्हता. दगडूभाई माठाकडं गेला, तांब्या भरून घेतला आणि आमच्याकडं पाठ करून पाणी प्याला. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता.

"दमतो," तो म्हणाला. "पन शनवार चुकवत न्हाई."