नाव पुसलेली सिस्टिम

कॉम्प्युटरसाठी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम काढायची, असं मी एका रविवारी दाढी करता करता ठरवलं. (काढायची म्हणजे दुसऱ्याची उचलायची. एका कंपनीने आपली सिस्टिम सगळ्यांना खुली करून ठेवली होती. कॉपी करा, बदला, वाटा. फक्त आमचं नाव आणि चिन्ह कुठे दिसता कामा नये.)

"म्हणजे भाजी न्या, पण पिशवी आमची वापरू नका?" बायकोने विचारलं.

"अगदी तसंच!"

पाच मिनिटांचं काम वाटलं होतं. पण नाव कुठे कुठे असावं! सुरू होताना, बंद होताना, अगदी पत्त्यांच्या खेळातल्या पानांच्या पाठीवरसुद्धा. बायकोला तर नादच लागला. ऑफिसातून आली, की पर्स खांद्यावरच, "आज कुठे सापडलं?" कचरापेटीच्या चित्रातलं इवलंसं चिन्हसुद्धा तिनेच हुडकलं. महिन्याभरात सगळं साफ. मी झोकात नवं नाव दिलं, 'स्वावलंबन'.

पहिलं गिऱ्हाईक सासरे. निवृत्त हेडमास्तर. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून मला एकदाही 'वा' मिळालं नव्हतं. खरं सांगतो, सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"वा, जावईबापू! काय माणसं ठेवलीत! मदतीचं बटण दाबलं, की ती मुलगी किती शांतपणे समजावते!"

(माणसं? मी आणि बायको!)

"कुठली मुलगी?" शेजारी ऐकत बसलेल्या बायकोने भुवया उंचावल्या.

घाईघाईने बटण दाबून पाहिलं. नाव नाही, चिन्ह नाही. मदतीचा नंबर मात्र त्या कंपनीचाच!

दुसऱ्याच दिवशी त्या कंपनीचं पत्र. आता कोर्टकचेरी, म्हणून मी पाकीट न फोडताच बायकोकडे दिलं. बायकोने वाचलं, "नाव काढल्याबद्दल आभार. कृपया नंबरही काढावा. आपले एक ग्राहक आम्हाला रोज चारदा फोन करतात."

मी गुपचूप अपडेट पाठवून त्या जागी माझा दुसरा नंबर टाकला. सासऱ्यांना अवाक्षर बोललो नाही. अकरा वर्षांनी मिळालेलं 'वा' कोण परत करतो?

दहा मिनिटांत फोन वाजला. मी नाकातून आवाज काढला, "नमस्कार, स्वावलंबन!"

"अक्षरं मोठी कशी करायची हो?"

"अं... एकदा बंद करून परत चालू करा."

"परवाच्या मुलीने तर असं काही सांगितलं नव्हतं. तिला द्या बरं."

"ती... रजेवर आहे."

"मग तुमचं नाव सांगा," हेडमास्तर कडाडले. "जावईबापूंना सांगून आजच्या आज कामावरून काढायला लावतो तुम्हाला!"