सात नंबरची दाढ

आजारपणाच्या बाबतीत माझ्याइतकी शिस्तीची बाई तुम्हाला शोधून सापडायची नाही! मी शनिवारी संध्याकाळी शिंकते, रविवारी दिवसभर कण्हते आणि सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला कामावर हजर असते. सर्दीला मी तारीख देते आणि सर्दी ती पाळते.

तासावर पगार असलेल्या माणसाला असंच आजारी पडावं लागतं. महिन्याच्या पगारावरचा माणूस अंगात कणकण आली की पांघरूण बघतो, आम्ही घड्याळ बघतो.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, मी ठाऊक नसले तरी. लिफ्ट मध्येच अडकली की आतल्या पाटीवरचा नंबर लावता ना? पलीकडून एक शांत बाई म्हणते, "घाबरू नका. तुम्ही सुरक्षित आहात. मेकॅनिक निघालाय." ती शांत बाई मी. दिवसातून चाळीसदा मी असं लोकांना शांत करते. ऑफिसात आम्हाला नावं नाहीत, टेबलांचे नंबर आहेत. मी सात नंबर. माझ्या शेजारी दहा नंबर. मधले आठ आणि नऊ कुठे गेले, हे विचारायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही. आमच्यावर मॅडम. त्यांना आम्ही पाठीमागे सेकंदकाटा म्हणतो. कोण कधी किती मिनिटं उशिरा आलं, कोण कोणत्या तारखेला आलं नाही, हे त्यांना वहीशिवाय तोंडपाठ!

रजेचे नियम भिंतीवर लावलेत. तीस तास काम केलं की एक तास आजारपण जमा होतं. आजारी असल्याचं शिफ्टच्या एक तास आधी फोन करून, स्वतः, स्वतःच्या आवाजात कळवायचं. आणि शेवटची ओळ लाल अक्षरात: कारण खोटे आढळल्यास दुसऱ्या दिवसापासून येऊ नये.

त्या लाल ओळीपाशी माझी नजर जरा अडखळते. मी एकदाच दोन दिवस गैरहजर राहिले होते, पाच महिन्यांपूर्वी. नोकरीला लागून अकरा दिवस झाले होते. दाढ काढली, असं मी कळवलं. दाढ जागेवर होती. बाबा गेले होते.

तेव्हापासून ऑफिसात सगळे माझ्या दाढेची चौकशी करतात आणि मी "बरी आहे" म्हणते. सवय झाली होती. आजारपणाचे सव्वीस तास मी कपाटातल्या नव्या चादरीसारखे घडी न मोडता ठेवले होते. घरी बसून करायचं काय? आमच्या घरात दिवसा फार ऐकू येतं.

तर त्या मंगळवारी (मंगळवारी! माझ्या शिस्तीला हा पहिला तडा!) सकाळी मी उठले आणि आईला म्हटलं, "चहा टाकतेस?" म्हणजे म्हणायला गेले. बाहेर आली ती नुसती हवा. सायकलच्या ट्यूबमधून येते तशी.

आईने थर्मामीटर लावला. नव्याण्णव पूर्णांक आठ. बाबा म्हणायचे, शंभरच्या खाली ताप म्हणजे अफवा. ही अफवाच होती, पण भरवशाच्या माणसाकडून आलेली.

"आज जायचं नाही," आई म्हणाली.

मी पाटी-पेन्सिल शोधली, मिळाली नाही, म्हणून विजेच्या बिलामागे लिहिलं: ताप नाहीये.

"आवाज नाहीये! बोलायच्या नोकरीला बिनआवाजाची जाणार? लोक लिफ्टमध्ये अडकलेत आणि तू कानात फुंकर मारणार?"

मुद्दा बिनतोड होता. मी पंधरा मिनिटं खोलीत फेऱ्या मारल्या. जावं, तर उपयोग नाही. न जावं, तर दिवसभर घर. शेवटी सव्वीसपैकी आठ तास खर्चायचे ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखरची आजारी म्हणून रजा घेणार होते. कारणही शंभर टक्के खरं! छाती अभिमानाने भरून आली, आणि लगेच खोकला आला.

फोन हातात घेतला आणि लक्षात आलं. स्वतः, स्वतःच्या आवाजात! आवाज गेलाय हे आवाजाने कसं सांगायचं?

तरी लावला. रजेला वेगळा नंबर नाही. अडकलेल्यांचाच नंबर लावायचा आणि 'मॅडमना द्या' म्हणायचं. उचलला दहा नंबरने.

"हॅलो, लिफ्ट मदत केंद्र."

"हहह्ह..." मी म्हणाले.

"घाबरू नका! तुम्ही सुरक्षित आहात!"

"हहह्ह! हहह्ह!"

"श्वास लागलाय का? बोलू नका. फोनवर टकटक करा. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. कळलं?"

ही टकटकीची युक्ती मीच त्याला शिकवली होती. मी एकदा टकटक केली.

"शाबास! लिफ्ट अडकलीय?"

टक टक.

"नाही? बरं, दार बंद आहे?"

दार बंद होतं. सकाळी सातला कुणाचं उघडं असतं? खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं, म्हणून एक टक.

"दार बंद आहे आणि लिफ्ट अडकलेली नाही... म्हणजे तुम्हाला कळतच नाहीये की ती अडकलीय! घाबरू नका! आत किती जण?"

मी चिडून दोनदा आपटलं. म्हणजे मला म्हणायचं होतं नाही, नाही, नाही!

"दोघं! पत्ता स्क्रीनवर आलाय. मेकॅनिक निघालाय!"

आमच्या इमारतीला लिफ्टच नाही! चौथ्या मजल्यापर्यंत अठ्ठ्याहत्तर पायऱ्या आहेत, बाबांनी मोजलेल्या.

हे सगळं बघून आईने फोन माझ्या हातून ओढला. "अहो, मी सात नंबरची आई बोलतेय. मॅडमना द्या."

मॅडम आल्या. आईने मनात वाक्य जुळवलं होतं, तिचा आवाज गेला, म्हणून येत नाही. पण आईची घाईत वाक्यं शेपटीकडून सुरू होतात.

"अहो, गेला हो!" आई म्हणाली.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मला ऐकू आलं नाही. आईचा चेहरा मात्र बदलला. ती हळूच पलंगाच्या कडेवर बसली.

मॅडमनी विचारलं होतं, "कोण गेलं, काकू?"

नंतर आई म्हणाली, इतक्या हळू आवाजात तिला ते कुणी विचारलंच नव्हतं.

"हे गेले," आई म्हणाली.

मी दोन्ही हात हलवले. उड्या मारल्या. बिल तिच्या नाकासमोर नाचवलं. आईने माझ्याकडे पाठ केली आणि सांगू लागली. सकाळी नळ दुरुस्त करत होते. पाना मोरीतच ठेवला आणि 'आलोच, जरा पडतो' म्हणाले. मी म्हटलं नळ उघडा टाकून कुठे चाललात, तर हसले. रागाने बोललेलं तेवढंच शेवटचं, हो. वीस मिनिटांनी उठवायला गेले, तर गेलेले! पाच महिन्यांत माझ्याशी ती यातलं एक अक्षर बोलली नव्हती, आणि मी तरी कुठे विचारलं होतं?

फोन ठेवून तिने नाक पुसलं. "चांगली आहे गं तुझी मॅडम. म्हणाली, रडा, घाई नाही."

मी लिहिलं: माझ्या आवाजाचं?

"अगं बाई! ते राहिलंच."

मी लिहिलं: कधी गेले ते सांगितलंस?

"तिने विचारलं नाही."

मग मला त्या दाढेबद्दल लिहावं लागलं. जागा पुरेना, म्हणून मागच्या महिन्याचंही बिल घेतलं. आईने चष्मा लावून दोन्ही बिलं वाचली.

"दाढ?" ती म्हणाली. "तू ह्यांना दाढ केलंस?"

मी दोन्ही बिलं तिच्या हातून काढून घेतली.

परिस्थिती अशी होती. बाबा आज गेले म्हणावं तर नवं खोटं, पाच महिन्यांपूर्वी गेले म्हणावं तर जुनं खोटं उघडं, आणि लाल ओळीला दोन्ही सारखीच! आवाज असता तर एखादवेळी सावरलं असतं. मी आईला परत फोन लावायला खुणावणार, इतक्यात बेल वाजली.

दारात मिशीवाला मेकॅनिक, हातात अवजारांची पेटी, तोंडाला फेस यायचा बाकी. "मावशी, लिफ्ट कुठाय?"

"लिफ्ट नाही आमच्याकडे."

"मग अडकलंय कोण?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे.

"बसा. पाणी घ्या आधी," आई म्हणाली.

"बसून चालायचं नाही, मावशी. कॉल नोंदलाय. काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय तो बंद होत नाही. बंद झाला नाही तर सेकंदकाटा माझे तास कापते. घरात काही बिघडलंय का?"

मी मोरीकडे बोट दाखवलं. नळ त्या दिवसापासून गळत होता. खाली बादली. टप, टप. बादली भरली की आम्ही ती आलटून पालटून रिकामी करायचो. प्लंबरला बोलवायचं दोघींनाही सुचत नव्हतं. की सुचत होतं आणि बोलवत नव्हतो, ते देव जाणे. पाना अजून तिथेच होता.

तो मोरीत शिरला आणि पुन्हा बेल वाजली. या वेळी मॅडम! मागे दहा नंबर, छातीशी पांढरी फुलं धरून. डोळे लाल.

"सात नंबर," तो म्हणाला, "मी दहा वेळा 'घाबरू नका' म्हणतो गं लोकांना. तुला काय म्हणावं तेच कळेना."

मॅडमनी आईचे दोन्ही हात हातात घेतले. मग माझ्याकडे वळल्या. "फोन केलास तेव्हा तुझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता म्हणे. साहजिक आहे. शोकाची तीन दिवस रजा असते, मी मांडून टाकते. तू काही—"

आणि थांबल्या. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीवर गेली होती. भिंतीवर बाबांचा फोटो. फोटोखाली तारीख.

दुसरं कुणी असतं तर तारीख वाचून सोडून दिली असती. पण तो सेकंदकाटा होता! मॅडमचे ओठ किंचित हलले.

"ही तारीख," त्या म्हणाल्या, "तुझ्या दाढेची आहे."

मोरीतून टप, टप ऐकू येत होतं. आवाज असता तर मी नक्की काहीतरी छान थाप मारली असती, मी वाचलेल्या पुस्तकांतल्या निदान चार तयार होत्या. आवाज नव्हता. मी टेबलावर एकदा टकटक केली.

दहा नंबरने तोंडावर हात ठेवला.

"का सांगितलं नाहीस?" मॅडमनी विचारलं.

मी बिलाच्या उरलेल्या कोपऱ्यात लिहिलं: अकरावा दिवस होता. आणि दाढ म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत.

मॅडमनी वाचलं. कागद घडी करून परत दिला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मी विचारलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "पूर्ण निघाली ना, मूळ राहिलं नाही ना, असं विचारलं होतं मी तुला."

खरंच विचारलं होतं. आणि मी "पूर्ण निघाली" म्हटलं होतं.

आधी आईच्या घशातून चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती! "मूळ!" म्हणत पदर तोंडाला लावून गदागदा हसत होती, आणि मग मीही, सायकलच्या ट्यूबसारखी, फुसफुस करत. हसता हसता रडणं कधी सुरू झालं ते दोघींनाही कळलं नाही. दहा नंबरने घाईघाईने सगळी फुलं मॅडमच्या हातात दिली आणि खिशात रुमाल शोधू लागला.

"झालं!" मोरीतून मेकॅनिक ओरडला.

आम्ही सगळ्यांनी मोरीकडे कान दिले. टप टप थांबली होती. इतकी शांतता घरात पाच महिन्यांत नव्हती, आणि मी वाट बघत राहिले की आता ती बोचेल. बोचली नाही.

"अर्धं काम आधीच कुणीतरी चोख केलेलं होतं," तो हात पुसत म्हणाला. "मी फक्त शेवटचा आटा आवळला. हा पाना तुमचा, मावशी." मग त्याने नोंदपत्रक काढलं. "अडकलेल्या व्यक्ती किती लिहू? वर दोन लिहिलंय."

"दोन राहू द्या," मॅडम म्हणाल्या.

"सुटका झाली?"

मी पुन्हा एकदा टेबल वाजवलं.

तीन दिवस मी झोपले. दिवसाढवळ्या, खिडकी उघडी टाकून, आईच्या शेजारी. चौथ्या दिवशी जेमतेम परत आलेला आवाज घेऊन कामावर गेले. आधी भिंतीवरची लाल ओळ बघितली, मग मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"शोकाची रजा कॉम्प्युटर घेईना," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "तीस दिवस उलटून गेल्यावर घेत नाही. तुझ्या आजारपणातून चोवीस तास वळते केले."

"कारण घशाचं लिहिलंत ना, मॅडम?"

"घसा यादीत नाही. यादीत आहे त्यातलं लिहावं लागतं." त्या क्षणभर घुटमळल्या. "डाव्या बाजूची दाढ लिहिलीय. मागच्या वेळची उजवी होती."

आता ऑफिसात सगळे माझ्या दुसऱ्या दाढेची चौकशी करतात. दुखते, म्हणते मी. पण पहिल्यासारखी नाही.