होडीचा पंचनामा

बेकरीवाल्याच्या होडीखाली आडवे पडून, टॉर्च दातांत धरून, पंचनामे तिचा बाविसावा दोष कागदावर उतरवत होते. होडी धक्क्यावर लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली होती. बाहेरून पंचनाम्यांचे फक्त बूट दिसत होते आणि त्या बुटांकडे त्यांची बायको, त्यांची लेक आणि होडीचा मालक असे तिघे आशेने बघत उभे होते. तिघांचीही आशा वेगवेगळी होती.

'पंचनामे' हे काही त्यांचं आडनाव नव्हे. विमा कंपनीत सर्व्हेअर म्हणून चोवीस वर्षं ठोकलेल्या गाड्या, गळकी छपरं आणि जळालेले फ्रिज तपासता तपासता हे नाव त्यांना चिकटलं आणि खरं आडनाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं. दोष शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. लेक जन्मली त्या दिवशी, दवाखान्यातला पाळणा डावीकडे कलतोय हे त्यांनी आधी पाहिलं होतं आणि बाळ नंतर.

होडीचं प्रकरण दहा वर्षांपूर्वीचं. लेक तेव्हा आठ वर्षांची होती, आणि "तू कॉलेजला जायच्या आत आपली स्वतःची शिडाची होडी असेल," असा शब्द पंचनामे तिला देऊन बसले होते. लेक क्लबच्या उसन्या होड्या चालवत शिकली, तरबेज झाली. पैसेही साठले, पण ते जुन्या होडीपुरते, आणि तेही कसेबसे. आता सहा आठवड्यांनी ती लांबच्या शहरात शिकायला जाणार होती. शब्द पाळायला सहा रविवार हाताशी होते.

पंचनाम्यांना त्याची तिळमात्र चिंता नव्हती. "अगं, जुनी वस्तू घेणं हा तर माझ्या डाव्या हातचा मळ," असं त्यांनी बायकोला गाडीत सांगितलं होतं. "मालकापुढे दोषांची यादी टाकायची. यादी जितकी लांब, तितकी किंमत आखूड. दुसऱ्या रविवारी होडी आपल्या दारात."

"आपल्या दारात पाणी नाहीये," बायको म्हणाली. ती दवाखान्यात हेडनर्स होती. समोरचा कितीही जोरात बोलला तरी आधी त्याचा ताप बघायचा, ही तिची पद्धत.

पंचनामे होडीखालून बाहेर आले, गुडघे झटकले आणि खिशातून पेन काढून यादीखाली सही केली, तारीख घातली. त्यांच्या पॅडमध्ये प्रत्येक पानाला कार्बन लावलेला असे. पांढरी प्रत ऑफिसला, पिवळी आपल्याला, गुलाबी पार्टीला, म्हणजे मालकाला. चोवीस वर्षांत पार्टीला प्रत दिल्याशिवाय ते कुठूनही हलले नव्हते. गुलाबी कागद त्यांनी टरकन फाडून बेकरीवाल्याच्या हातात दिला.

बेकरीवाला वाचत गेला तसा त्याचा चेहरा कच्च्या पावासारखा होत गेला. "बावीस?" तो म्हणाला. "मला वाटलं, रंग जरा उडालाय एवढंच."

"वाचा सावकाश. घाई नाही," पंचनामे उदारपणे म्हणाले. "पुढच्या रविवारी येतो. किमतीचं तेव्हा बोलू."

पुढच्या रविवारी ते गेले तेव्हा बेकरीवाल्याच्या होडीला नवा रंग, नवे दोर आणि सरळ झालेलं सुकाणू होतं. डोलकाठीला प्लास्टिकच्या पिशवीत घालून गुलाबी कागद टांगला होता. बावीसच्या बावीस कलमांपुढे बरोबरच्या खुणा होत्या आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'अनुभवी सर्व्हेअरने तपासलेली होडी. सही खाली पाहावी.' किंमत दीडपट झाली होती. पंचनामे आपलीच सही वाचत असताना मागून एका गृहस्थाने हात पुढे करून ती होडी घेऊनही टाकली.

"साहेब, तुमचे उपकार झाले हो," बेकरीवाल्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरून सांगितलं.

"योगायोग," पंचनामे घरच्यांना म्हणाले. "दुसरी बघू."

दुसरी होडी दातांच्या डॉक्टरांची. तिच्यात एकतीस दोष निघाले. डॉक्टर स्वतः दुसऱ्यांच्या तोंडात डोकावून पोट भरणारे, त्यांना यादीचं महत्त्व कळलं. आठवड्यात त्यांनी होडी अशी लखलखीत केली की विकायचा विचारच सोडून दिला. तिसरी होडी एका मेहुण्या-दाजींच्या भागीदारीतली. दोन वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं, म्हणून ती विकायला काढली होती. गुलाबी कागद एकच असल्याने दोघांना तो डोक्याला डोकं लावून वाचावा लागला. चौदाव्या दोषापाशी मेहुणा म्हणाला, "दाजी, हे आपण एका दुपारीत करू." एकोणिसाव्यापाशी दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. होडी विकायचं तिथेच रद्द झालं.

"बाबा, तू घटस्फोटाच्या कोर्टात का नाही बसत?" लेक म्हणाली.

चौथ्या रविवारी तर कमालच झाली. धक्क्यावर पाय ठेवतात तोच तीन मालक त्यांना सामोरे आले. "आमची विकायचीय, बघून घ्या," "आधी आमची," असं करत त्यांनी पंचनाम्यांना जवळजवळ उचलूनच नेलं. पंचनामे खूश. गिऱ्हाइकाला असा मान कुठे मिळतो? दुपारपर्यंत त्यांनी तीन होड्या उलट्यासुलट्या केल्या आणि तीन गुलाबी प्रती फाडून दिल्या. चौथा मालक पुढे आला तेव्हा मात्र धक्क्याच्या रखवालदाराला राहवलं नाही.

"साहेब, यातल्या एकालाही विकायची नाही हो," तो त्यांच्या कानात म्हणाला. "दुसरीकडे तपासणीचे पैसे पडतात. तुमच्याकडे फुकट होतं, म्हणून रांग लागलीय."

त्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पंचनामे ताटाशेजारी पिवळ्या प्रती मोजत बसले. शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, राहू दे ना. क्लबची होडी आहे की. तीच घेऊ एक दिवस." ती हे अगदी समजुतीने म्हणाली. तिने आदळआपट केली असती तर पंचनाम्यांना बरं वाटलं असतं. दोनच रविवार उरले होते आणि पोरीने आशा सोडली होती.

बायकोने ताटं उचलता उचलता हुकूम सोडला. "पुढच्या रविवारी एक होडी आहे. सोसायटीच्या पलीकडच्या ग्रंथपालांची. निवृत्त झालेत, माणूस साधा आहे, किंमत आपल्या बजेटात आहे. मी बोलणार. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"पण अगं, निदान—"

"निदान डॉक्टर करतात. तुम्ही गप्प बसायचं. आणि ते पॅड इकडे द्या." पॅड तिच्या पर्समध्ये गेलं आणि चेन लागली.

पाचव्या रविवारी ग्रंथपाल होडीपाशी इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. होडी कधीकाळी पिवळी होती. पंचनाम्यांची नजर पडली मात्र, दोष त्यांच्या अंगावर धावून आले. तळाला ठिगळ, ठिगळाला ठिगळ, शिडाची शिवण उसवलेली, सुकाणूचा दांडा खिळखिळा. ते ओठ घट्ट मिटून होडीभोवती फिरले. दुसऱ्या फेरीत त्यांचे कान लाल झाले. तिसऱ्या फेरीत त्यांनी वल्ह्याला पडलेली चीर पाहिली आणि खोकल्याचं निमित्त करून तोंड रुमालात दाबलं.

"का विकताय?" बायको ग्रंथपालांशी बोलत होती.

"गुडघे," ग्रंथपाल म्हणाले. "चढता येत नाही, उतरता येत नाही." पण त्यांचं लक्ष बाईंकडे नव्हतंच. धक्क्यावरच्या प्रत्येकाप्रमाणे त्यांनीही पंचनाम्यांची कीर्ती ऐकली होती आणि आठवडाभर त्यांना त्या गुलाबी कागदाच्या धास्तीने नीट झोप नव्हती. ते भीत भीत पुढे झाले. "साहेब, किती निघाले?"

पंचनाम्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने डोळे वटारले. पंचनाम्यांनी नकारार्थी मान हलवली.

"काहीच नाही?"

पुन्हा नकारार्थी मान.

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. "बेकरीवाल्याच्या होडीत बावीस," ते म्हणाले. "डॉक्टरांच्या एकतीस. आणि माझ्या होडीत या माणसाला बोलायला जागा सापडत नाही! अहो, घरी मला सगळे म्हणायचे, डबडं आहे, काढून टाका. मलाही तसंच वाटायला लागलं होतं." त्यांनी होडीच्या ठिगळावर मायेने हात फिरवला. "माफ करा बाई. सांगितलेल्या किमतीत नाही जमणार. दुप्पट." मग क्षणभर विचार करून म्हणाले, "नाही, दुप्पटही नको. अशी होडी विकणारा मी कोण?"

एव्हाना आजूबाजूचे होडीवाले जमले होते आणि "शून्य निघाले म्हणे," असं एकमेकांना सांगत होते. लेक पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. पंचनाम्यांनी तिच्या पाठीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. बंद कुकरसारखी त्यांची अवस्था झाली होती.

बायकोने पर्स खांद्यावर नीट अडकवली. "अहो, बोला."

"सगळं?"

"सगळं. हातचं राखू नका."

आणि पंचनामे सुटले. तळापासून त्यांनी सुरुवात केली आणि डोलकाठीच्या टोकापर्यंत मध्ये श्वास घेतला नाही. कागद नाही, पेन नाही, हात पाठीमागे. ठिगळं किती, कोणत्या वर्षीची, कोणत्या गोंदाची. कुठली कडी गंजलीय, कुठली गंजून गेलीय आणि कुठली कधी बसवलीच नव्हती. चीर पडलेल्या वल्ह्याला रंग फासलाय तो भिंतीचा, हेही सांगितलं. ग्रंथपाल खिसे चाचपडून पेन्सिल शोधत होते. "जरा सावकाश. सातवा कुठला म्हणालात? हळू, हळू हो!" पंचनामे चव्वेचाळिसाव्या दोषावर येऊन थांबले तेव्हा धक्क्यावर टाळ्या पडल्या.

ग्रंथपाल होडीच्या काठावर टेकले. काठ करकरला. "पंचेचाळीस," पंचनामे म्हणाले.

"साहेब," ग्रंथपाल काकुळतीने म्हणाले, "ती गुलाबी प्रत तेवढी द्या ना. सगळ्यांना दिलीत."

पंचनाम्यांचा हात सवयीने पर्समधल्या पॅडकडे गेला होता. बायकोने त्याच्यापुढे आपला हात धरला. "प्रत होडीच्या मालकाला मिळते," ती म्हणाली.

"मालक मीच आहे की!"

"आहात ना. मग पंचेचाळीस दोष तुमचेच. वाकून बघायचे, खाली झोपून ठोकायचे." तिने आवाज वॉर्डातल्यासारखा मऊ केला. "गुडघ्यांचं काय म्हणालात मघाशी?"

ग्रंथपालांनी होडीकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे. "आधीची किंमत," ते म्हणाले.

"आधीपेक्षा थोडी कमी," बायको म्हणाली. "माणूस पाण्यात घालायचाय, पुस्तक नाही."

पैसे दिले, कागद झाले. लेकीने आईला एवढ्या जोरात मिठी मारली की आईची पर्स खाली पडली. मग बायकोने पॅड काढून पंचनाम्यांना दिलं. "आता लिहा हौसेने." पंचनाम्यांनी उभ्या उभ्या पंचेचाळीस कलमं उतरवली, सही केली, तारीख घातली, गुलाबी प्रत फाडली आणि द्यायला इकडेतिकडे पाहिलं. बायको, लेक आणि ग्रंथपाल तिघंही त्यांच्याकडेच बोट दाखवत होते. चोवीस वर्षांत पार्टी होण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. चौथ्या कलमापर्यंत वाचून ते खाली बसले.

एका आठवड्यात पंचेचाळीस दोष दूर करणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. माय-लेकींनी यादी समोर घेऊन ज्यांनी माणूस बुडतो असे नऊ निवडले. ते तिघांनी मिळून रोज कामावरून आल्यावर दुरुस्त केले. उरलेल्या छत्तिसांसकट सहाव्या रविवारी सकाळी होडी पाण्यात उतरली.

वारा चांगला होता. लेक सुकाणूवर बसली होती, केस तोंडावर येत होते आणि तिला ते सावरायलाही फुरसत नव्हती. ती जे काही करत होती ते पंचनाम्यांना कळत नव्हतं, पण उसवलेलं शीड फुगलं आणि होडी तिरकी होऊन सुसाट निघाली. बायकोने काठाला घट्ट धरलेला एक हात पहिल्यांदाच सोडून पाण्यात बोटं घातली. पंचनामे मध्यभागी बसून डब्याने आतलं पाणी बाहेर टाकत होते. पाणी घोट्याएवढं होतं आणि टाकू तेवढं येत होतं.

शेजारून दातांच्या डॉक्टरांची लखलखीत होडी आली. "साहेब!" डॉक्टर ओरडले. "तुमची होडी डावीकडे ओढतेय! मागून पाणीही येतंय बघा!"

पंचनामे डबा घेऊन ताडकन उभे राहिले. "चांगल्या होडीला नावं ठेवता?" ते गरजले. "आपलं बघा की आधी!" डॉक्टर चपापून लांब गेले.

"बाबा, पण खरंच ओढतेय," लेक हसत म्हणाली.

"ओढू दे. तिची चालच तशी आहे."

लेकीने सुकाणू जरा सरळ केलं. उद्या सकाळी तिची गाडी होती. मग समोर बघतच ती म्हणाली, "मी नसताना हिच्याकडे नीट बघशील ना?"

"त्यात बघायचंय काय?" पंचनाम्यांनी घाईने डबा बुडवला. "एक दोष नाही हिच्यात."