बसवअप्पांच्या पंगतीतली शँपेन

आमचे शेजारी बसवअप्पा शँपेन पीत नाहीत, ऐकतात. पेला कानाशी धरून सांगतात, "बोलायलीय अजून."

गेल्या नाताळच्या संध्याकाळी लातूरला त्यांच्या गच्चीवर आम्ही अकरा जण होतो. अप्पा, मुलगा महेश, सून लोर्ना आणि गल्लीतले आठ. बाटल्या दोन. एकीत सहा पेले, हा हिशेब माझा. अप्पा तिला शँपेन म्हणत. होती नाशिकची फसफसणारी वाइन.

अप्पांच्या गळ्यात लिंग, दारूचा थेंब कधी घेतला नाही. पण सून गोव्याची आणि सासरी तिचा हा पहिला नाताळ. "तिच्या घरी आज असलं पेय असतंय म्हणे. तिला परकं वाटू नये, भाऊसाहेब. चव तुम्ही बघा."

तीन दिवस चव घेऊन मी कृती ठरवली, तशी सोपी. पेल्यात दोन चमचे डाळिंबाचा रस, संत्र्याची फोड, वरून थंड वाइन आणि ताबडतोब हातात. सगळं जमलं, 'ताबडतोब' तेवढं अप्पांना पटेना. त्यांनी सतरंजीवर पंगत बसवली, ओळीनं पेले भरले.

"शेवटचा माणूस बसल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

शेवटची जागा लोर्नाची, आणि ती खाली आईशी फोनवर बोलत होती.

"अप्पा, बुडबुडे चालले!" मी कळवळून म्हणालो.

"जाऊ द्या की."

"मग सरबतच करायचं होतं! तीन दिवस मला कशाला राबवलं?"

महेश तिला बोलवायला उठला. अप्पांनी त्याचा हात धरून खाली बसवला. "आईशी बोलायलीय. बोलू दे."

मी डोक्याला हात लावला. अप्पा हळूच म्हणाले, "ह्या महेशची आई बीदरकडची. पहिल्या सणाला माहेरच्या आठवणीनं आत रडत बसली. आम्ही सगळे जेवून उठलो, भाऊसाहेब. कुणी थांबलं न्हाई."

मग मी लोर्नाच्या पेल्यातली संत्र्याची फोड नीट लावली.

लोर्ना वर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. भरलेले पेले बघून ती थबकली. "कुणीच घेतलं नाही?"

"तुझ्याबिगर कसं घेतील? बस."

तिनं घोट घेतला. अप्पा लहान मुलासारखे तिच्या तोंडाकडे बघत होते. "जमलं का गं?"

"आई करते तस्संच, अप्पा."

वाइनचा फेस पार बसला होता. मी आयुष्यभर लोकांच्या चुका दुरुस्त करत आलो. तिच्या उत्तरातली ही केली नाही.