कनवटीची सुपारी

करमरकरांच्या गाडीतल्या पुढच्या डाव्या सीटने एका सुपारीला सुमतीबाई म्हणून मान्यता दिली, आणि तीही नेमकी लग्नाला निघायच्या सकाळी.

सीट खडखडत होती, हे खरं. रुळात बसणारा तिचा एक पाय झिजला होता, आणि श्रीवर्धनच्या गॅरेजवाल्याने अख्खी सीट बदलायला सांगितलं होतं. पद्माकर करमरकर असल्या सल्ल्याने पेटणारे गृहस्थ. त्यांनी देवघरातली एक वाळकी सुपारी उचलली, चंदनाच्या सहाणेवर घासून मापात आणली आणि हातोडीने त्या फटीत ठोकली. खडखड थांबली. संध्याकाळपर्यंत आळीतल्या चार जणांना त्यांनी सीट हलवून दाखवली.

दुसऱ्या दिवशी माणगावला सुमतीबाईंच्या भाचीचं लग्न होतं. भाचीचे आईवडील हयात नव्हते. कन्यादान करमरकर नवराबायकोनेच करायचं होतं. ओकगुरुजी पूजेची पिशवी घेऊन मागे बसले. सुमतीबाई पैठणी सावरत डाव्या दाराने आत शिरल्या, तर सीटची पाठ पुढे झुकली आणि तिने त्यांना अदबीने बाहेर लोटलं. मग सीटबेल्ट आपणहून रिकाम्या जागेवरून फिरला आणि कट्टकन लागला.

“अहो, इथे कोण बसलंय?”

“कुणी नाही गं.”

“मग पट्टा कुणाला लावला?”

पद्माकरांनी पट्टा सोडवला. तो पुन्हा लागला. ओकगुरुजींनी मागून मान पुढे काढली.

“सुपारी कुठली घेतलीत?”

“देवघरातली. ताम्हनात पडली होती.”

“श्रावणात तुमच्याकडे सत्यनारायण झाला, तेव्हा वहिनी कुठे होत्या?”

“माहेरी,” सुमतीबाई म्हणाल्या.

“म्हणजे तीच. तुम्ही नव्हतात, म्हणून यजमानांच्या कनवटीला मी सुपारी लावली होती. पत्नी म्हणून.” गुरुजींनी मांडीवरची पिशवी सारखी केली. “मला एसटी गाठायची होती. तिचं विसर्जन राहिलं.”

कुणी दचकलं नाही. विसर्जन न झालेली सुपारी पत्नीच राहते, हे तिघांनाही कळत होतं. सीटलाही कळत असेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

“मग टाका आता अक्षता आणि पाठवा तिला,” सुमतीबाई म्हणाल्या.

“टाकतो. पण दोघींचं नाव एक, गोत्र एक. कोणत्या सुमतीबाई जातील, याची हमी मला देता येणार नाही.”

“शिवाय ती गेली की खडखड परत सुरू,” पद्माकर म्हणाले.

सुमतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“तसं नाही गं. आजच्यापुरती तू मागे बस. ती बिचारी काही बोलत नाही, काही मागत नाही.”

हे वाक्य त्यांनी गाडीत बसून बोलायला नको होतं. गाडीबाहेरही नको होतं.

“गुरुजी,” सुमतीबाई म्हणाल्या, “कन्यादानाला ह्यांच्या शेजारी कोण बसणार? मी, की ही?”

“जी पुढे बसून येईल ती. यजमानीणबाई मागच्या दाराने उतरलेल्या मी पाहिलेल्या नाहीत.”

“आणि दोघीही पुढे बसून आलो तर?”

“मग जिला उतरता येईल ती. ही तर ठोकलेली आहे.”

“पुढची कुठलीही सीट चालेल?”

“गाडीच्या बाबतीत शास्त्र डावं-उजवं करत नाही.”

सुमतीबाई वळसा घालून उजव्या दाराशी आल्या. “उतरा.”

“अगं, तुला कुठे…”

“लायसन्स आहे मला. सीट रिकामी मिळत नव्हती.”

पद्माकर उतरले. उजव्या सीटने सुमतीबाईंना काही विचारलं नाही. पद्माकर मागे गुरुजींच्या शेजारी जाऊन बसले, आणि गाडी निघाली.

म्हसळ्याच्या अलीकडे पहिल्याच मोठ्या वळणावर खडखड ऐकू आली. सुमतीबाईंनी डावीकडे नजर टाकली. तिकडे सगळं शांत होतं.

“गुरुजी, मागे काय वाजतंय बघा जरा.”

गुरुजींनी कानोसा घेतला, पायाखाली पाहिलं, मग पद्माकरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आवाज थांबला. हात काढला, तसा पुन्हा सुरू झाला.

“यजमान आहेत.”

“मांडवात असे वाजले तर मंगलाष्टकं कुणाला ऐकू जायची?” सुमतीबाईंनी गिअर बदलला. “बघा, तुमच्याकडे काही आहे का.”

गुरुजींनी पिशवीत हात घालून एक बरी सुपारी निवडली आणि पद्माकरांच्या गुडघ्याला लावून पाहिली. ती अंमळ मोठी होती. मग त्यांनी पिशवीतली सहाण मांडीवर घेतली, आणि माणगाव येईपर्यंत ती सावकाश घासत बसले.