वॉटी मकफेल, शुक्रवार, सकाळी अकरा

फर्गस टेनंटनं आयुष्यात कधी चूक केली नव्हती. निदान कागदावर तरी नाही! ग्रीनॉकच्या गोदीत छत्तीस वर्षं त्यानं जहाजांचे नकाशे काढले, आणि त्याच्या रेघेमुळे एकही जहाज बुडालं नाही. जी बुडाली ती समुद्रामुळे बुडाली, असं तो आवर्जून सांगे.

त्यामुळे वॉटी मकफेलच्या सहलीची आखणी त्यानं अंगावर ओढून घेतली आणि बायकोला जाहीर केलं, "नेटा, चुकायला जागाच ठेवलेली नाही!"

"नाताळात फडताळाबद्दल हेच म्हणाला होतास," नेटा म्हणाली. "ते अजून उघडत नाही."

सहल साधी नव्हती. वॉटीच्या फुप्फुसांत चाळीस वर्षांची गोदी साठली होती. डॉक्टर म्हणाले, यंदाचा उन्हाळा मिळेल, पुढचं विचारू नका. वॉटीनं विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "जन्मभर आपण नगरपालिकेच्या डोंगरावर गोल्फ खेळलो, पावसात, मेंढ्यांच्या लेंड्यांतून. मला एकदा समुद्राकाठी खऱ्या लिंक्सवर खेळायचंय. वाळूची टेकाडं, तोंडावर खारा वारा. आणि जमलं तर एडिनबरा बघायचंय." राजधानी त्यानं अडुसष्ट वर्षांत फक्त इस्पितळाच्या खिडकीतून पाहिली होती, आणि त्या खिडकीतून दुसरं इस्पितळ दिसत होतं.

मग जरा थांबून तो म्हणाला, "गिलमोरलाही कळव. येणार नाही तो. पण कळव."

गिलमोर म्हणजे वॉटीचा थोरला भाऊ. तो पलीकडे ब्यूट बेटावर राहायचा आणि अकरा वर्षांत वॉटीशी एक शब्द बोलला नव्हता. चुकून वॉटीचा फोन येईल म्हणून त्यानं फोनच भिंतीवरून उपटून टाकला होता. भांडण बापाच्या दफनाच्या दिवसाचं. पेटी खड्ड्यात सोडायला आठ दोऱ्या असतात. कुणी कुठली धरायची ते आधी छापील कार्डावर कळवतात. कार्डावर पेटीची आकृती, भोवती आकडे. डोक्याकडची एक नंबरची दोरी सर्वांत जवळच्या माणसाची. तर बापाच्या वेळी ती धाकट्याला गेली आणि थोरल्याला मिळाली पायाकडची! चूक अंत्यविधीवाल्याची, पण त्याच्याशी अबोला धरून काय उपयोग? गिलमोरनं तो भावाशी धरला.

फर्गसनं मिनीबस ठरवली. वॉटीला फार वेळ बसवत नसे, म्हणून मधोमध लांबलचक गादी आणि दोन्ही अंगांना मिळून आठ आसनं. कोण कुठे बसणार याचा घोळ नको, म्हणून त्यानं सुबक कार्डं काढली. वरून दिसणारी बस, म्हणजे एक लांबट चौकोन. मधे आडवा वॉटी. भोवती एक ते आठ आकडे. बाजूला दोन छोटे आरसे. नकाशाला असते तशी जाड काळी चौकट. खाली मजकूर: "वॉटी मकफेल. शुक्रवार, सकाळी अकरा. टेकडीवरचा रस्ता, शेवट. आपला क्रमांक अमुक."

गिलमोरचा गुडघा दुखरा, म्हणून दाराजवळचं एक नंबरचं आसन त्याला दिलं.

"गोल्फला जायचंय हे कुठे लिहिलंस?" नेटानं विचारलं.

"त्यात गंमत काय राहिली? आणि चित्र स्वच्छ आहे की!"

टेकडीवरचा रस्ता जिथे संपतो तिथे डाव्या हाताला गोल्फचं मैदान लागतं. उजव्या हाताला दफनभूमी.

कार्डं सात घरी पोचली. वॉटी महिनाभर इस्पितळात होता, हे गावाला ठाऊक होतं. कुणीही फोन केला नाही. ग्रीनॉकचे पुरुष असल्या वेळी फोन करत नाहीत. बुटांना पॉलिश करतात.

शुक्रवारी फर्गस पिवळा स्वेटर आणि चौकड्यांची विजार घालून मिनीबसशेजारी उभा होता. अकराला पाच कमी असताना रस्त्याच्या वळणावरून सहा जण आले. काळे सूट, काळे टाय, मान खाली. सर्वांत पुढे टॅम, हातात कापडाखाली झाकलेला भला मोठा ‘पाय’, म्हणजे मटण भरून भाजलेली जाड पोळी! दफनानंतर आमच्याकडे तोच खातात.

"फर्गस," टॅम म्हणाला, "विजार कसली ही, लेका? आजच्या दिवशी?"

"वॉटीनंच सांगितलंय, जरा रंगीत या म्हणून!"

"शेवटपर्यंत चेष्टा," टॅमनं डोळे पुसले. "त्रास झाला का रे फार?"

"पायऱ्यांवर थोडा. मी न् बसवाल्यानं उचलला."

"आता कुठेय?"

"मैदानाच्या संडासात."

सहा जणांच्या माना एकदम वर आल्या.

"संडासात ठेवलायस त्याला?"

"ठेवीन कशाला? स्वतः गेला! दाढी करतोय."

"करतायत त्याची, असं म्हण," कुणीतरी हळूच म्हणालं. "याचं डोकं फिरलंय. बसवा कुठेतरी."

तेवढ्यात संडासाचं दार उघडलं आणि काठी टेकत, गालाला साबण लागलेला वॉटी बाहेर आला. टॅमच्या हातून ‘पाय’ पडला. खाली मेंढ्या होत्या. त्यांनीही तोंड लावलं नाही.

वॉटीनं सगळ्यांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "कोण गेलं?"

शेवटी टॅमनं खिशातून कार्ड काढून पुढे धरलं. वॉटीनं ते सरळ धरलं, मग आडवं धरलं.

"फर्गस," तो म्हणाला, "मी छान दिसतोय यात."

"अरे, बस आहे ती!" फर्गस किंचाळला. "आरसे दिसत नाहीत? पेटीला आरसे असतात?"

"आम्हाला वाटलं कड्या आहेत," टॅम म्हणाला.

मागून वळणावर आणखी एक काळी आकृती लंगडत आली. गिलमोर! पहिल्या बोटीनं आला होता. हातात फुलांचं चक्र, त्यावर पांढऱ्या फुलांत अक्षरं: "भाऊ". वॉटीला बघून तो जागीच थिजला.

"वॉट्या," अकरा वर्षांनी गिलमोरच्या तोंडून शब्द फुटला, "तू जिवंत आहेस."

"तक्रार असेल तर डॉक्टरांकडे कर," वॉटी म्हणाला. "फुलं माझी का? आण इकडे."

गिलमोरनं फर्गसला बाजूला ओढलं. काळी चौकट बोटानं दाबत त्यानं विचारलं, "एक नंबर. हा मला द्यायचा, हे वॉटीनं सांगितलं?"

फर्गसच्या डोळ्यांपुढे दार आलं, गुडघा आला. छत्तीस वर्षांत खोटी रेघ न मारलेला माणूस तो!

"हो," तो म्हणाला. "वॉटीनंच."

आठ जण काळ्या कपड्यांत (एक पिवळा), मधे आडवा वॉटी, मागच्या काचेत फुलांचं चक्र: अशी बस निघाली. ग्लासगोत दोन गाड्यांनी वाट दिली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. वॉटीनं पडल्या पडल्या हात हलवला. म्हातारा मटकन खाली बसला.

समुद्राकाठच्या मैदानावर खेळाडूंना वेळेनुसार सोडणारा बाबा टपरीतून धावतच बाहेर आला.

"राख टाकायला सक्त मनाई आहे!" तो ओरडला. "गेल्या वर्षी तिघांना टाकलं, सातव्या होलचं गवत अजून उगवलं नाही!"

"मी अजून त्या अवस्थेला आलेलो नाही," वॉटी आतून म्हणाला. "तीन वाजताची वेळ आहे आमची. खेळायला."

"नऊ जण? काठ्या कुठायत?"

दफनाला कोण काठ्या आणतं? पिशव्या दोनच होत्या, एक वॉटीची, एक फर्गसची. आणि तिथला नियम सुरीसारखा: एक खेळाडू, एक पिशवी!

दीड महिना फर्गसनं ह्या मैदानाचा अभ्यास केला होता. कुठल्या टेकाडावरून कुठली काठी मारायची, वाऱ्यात चेंडू किती ढळेल, सगळं वहीत होतं. त्यानं आपली पिशवी खांद्यावरून उतरवली. खिशातून डाव्या हाताचा पांढरा हातमोजा काढला. दोन्ही गिलमोरपुढे धरले.

"मला तसंही वारं बाधतं," तो म्हणाला.

म्हणून दोघे भाऊ खेळले. वॉटीचा दम तीन होल टिकला. पुढे दोघे, मागे दोनदोनच्या रांगेत सात जण, काळे कोट वाऱ्यावर फडफडतायत, शेवटी टॅम चक्र घेऊन. आजूबाजूचे खेळाडू टोप्या छातीशी धरून उभे राहिले. वॉटीचा पहिला चेंडू वाळूत गेला, दुसरा काटेरी झुडपात, तिसरा समुद्रात.

"बापावर गेलायस," गिलमोर म्हणाला.

"पायाकडून की डोक्याकडून?" वॉटीनं विचारलं. आणि दोघे इतके हसले की वॉटीला श्वास पुरेना, त्याला वाळूत बसवावं लागलं. हसणं कुठे संपलं आणि खोकला कुठे सुरू झाला ते कळलं नाही. गिलमोर त्याच्या पाठीवरून हातमोज्यासकट हात फिरवत राहिला.

शनिवारी एडिनबरा. बदलायला कपडे होतेच कुणाकडे! चाकाच्या खुर्चीत वॉटी, मांडीवर चक्र. किल्ल्याखालच्या उतारावर पोचेपर्यंत भुताखेतांच्या फेरीला आलेले चोवीस प्रवासी त्यांच्यामागे लागले होते. एका बाईनं कुजबुजून विचारलं, "हा खरा मेलेला आहे?"

"सध्या सराव चाललाय," वॉटी म्हणाला.

त्याच क्षणी किल्ल्यावरची रोज दुपारी एकला उडणारी तोफ धडाडली. शहरातल्या लोकांनी घड्याळं जुळवली. ग्रीनॉकचे सात जण वॉटीवर आडवे पडले. नंतर तो म्हणायचा, राजधानी फार सुंदर आहे, पण मला टॅमची काखच दिसली.

निरोपाच्या वेळी बोटीच्या धक्क्यावर गिलमोरनं फर्गसचा पिवळा स्वेटर मागून घेतला. काठ्याही. "पानगळीत पुन्हा जाऊ," वॉटी त्याला म्हणाला. "फर्गस कार्ड पाठवेल."

ऑक्टोबरात वॉटी गेला. संध्याकाळी चहा घेतला, उद्या बरं वाटेल म्हणाला, आणि गेला.

कळवायचं काम फर्गसकडे आलं. गावातल्यांना त्यानं दारोदार जाऊन सांगितलं. बेटावर कार्ड गेलं. त्यानं जुनाच नकाशा काढला. ह्या वेळी तर तो अगदी चपखल होता! वार बदलला, वेळ तीच, जागा तीच. एक नंबर गिलमोरचा. ह्या खेपेला तरी खरोखर.

"चुकायला जागाच नाही," तो म्हणाला. नेटा त्याचा काळा कोट घासत होती.

गुरुवारी अकराला टेकडीवर पाऊस होता. सात जण खड्ड्याभोवती उभे होते. वळणावरून आठवा आला. पिवळा स्वेटर, खांद्यावर काठ्यांची पिशवी, डाव्या हातात पांढरा हातमोजा. चालण्यात घाई, चेहरा हसरा.

"बस कुठाय?" त्यानं विचारलं.

गिलमोरनं डावीकडे मैदानाकडे बघितलं. मग उजवीकडे. मग खिशातून कार्ड काढून फर्गसपुढे धरलं.

"पण आरसे आहेत की," तो म्हणाला.

आरसे खोडायचे राहिले होते.

गिलमोरनं पिशवी हळूच गवतावर ठेवली. डोक्याकडे जाऊन एक नंबरची दोरी उचलली. पावसानं दोऱ्या निसरड्या झाल्या होत्या. टॅमची सुटली, फर्गसची दोनदा घसरली. पिवळ्या स्वेटरातल्या त्या एकट्या माणसाची तसूभरही हलली नाही. हातमोजा होता ना त्याच्याकडे.

परत निघताना टॅमनं फर्गसच्या खांद्यावर हात टाकला.

"तुझ्या वेळी, लेका," तो म्हणाला, "आम्ही फोन करू."